अर्ध्याहून जास्त

"आकडा कुणाचा नातेवाईक नसतो," राजेंद्र रामटेके एकदा आपल्या मुलीला म्हणाला होता.

म्हणाला तेव्हा तो जेवत होता. समोर वरण-भात, बाजूला ठेचा आणि टेबलाच्या पलीकडे निवेदिता. वाक्य त्याचं त्यालाच आवडलं. घास गिळताना त्याने ते मनात आणखी एकदा म्हणून पाहिलं. त्याच्या बायकोने, श्यामलाने, पोळ्यांचा डबा गरजेपेक्षा जोरात बंद केला. निवेदिता उठली, ताट सिंकमध्ये ठेवून नळ सोडला आणि ते हाताने घासत बसली. शेजारी डिशवॉशर रिकामा होता. ताट केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी ती घासत होती आणि मागे वळून पाहत नव्हती.

राजेंद्रला तेव्हा वाटलं, पोरगी तरुण आहे, समजेल हळूहळू.

तो नागपूरचा, इंदोऱ्यात वाढलेला. लहानपणी त्याला क्रिकेट खेळता येत नसे. बॉल अंगावर आला की तो डोळे मिटायचा. म्हणून मोठ्या पोरांनी त्याला मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली बसवलं आणि हातात पेन्सिल दिली. स्कोअररने टाळ्या वाजवायच्या नसतात, एवढा एकच नियम त्याला सांगितला गेला. एकदा त्याच्या सख्ख्या भावाने कामठीच्या टीमविरुद्ध पन्नास केले. अख्खी वस्ती नाचली. राजेंद्रने मान खाली घालून पन्नास लिहिले आणि पुढच्या बॉलची वाट पाहिली. भाऊ रुसला, पण लोक म्हणाले, पोरगं सरळ आहे. हे दुसरं त्याच्या लक्षात राहिलं. भावाचं रुसणं त्याला पुढे कितीतरी वर्षांनी, भाऊ गेल्यावर आठवलं.

सरळपणाने त्याला नोकरी दिली, व्हिसा दिला, मिल्टन कीन्समध्ये घर दिलं. एका मोठ्या गोदामातून किती पार्सलं निघाली, किती परत आली आणि का परत आली, हे शोधणं हे त्याचं काम. गोदामातले लोक त्याला जरा भिऊन असत. त्याचा आवाज कधी चढला नाही, पण चुकीचा आकडा समोर आला की तो अस्वस्थ व्हायचा. दुसऱ्याच्या घरी भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली की काही माणसांचा हात आपोआप पुढे जातो, तसा हा. चौदा एप्रिलच्या जयंतीला कोणी माइकवरून म्हणालं, "आज पाचशे लोक जमलेत," तर राजेंद्र शेजारच्याच्या कानात म्हणायचा, "साडेतीनशे असतील." शेजारचा हसायचा. श्यामला हसायची नाही.

"कोणाचं नुकसान होऊन राहिलं का?" ती घरी येताना गाडीत विचारायची. "म्हणू द्या की पाचशे. त्याच्या जिवाला बरं वाटते."

निवेदिता युनिव्हर्सिटीत गेली आणि तिथे तिला अमेरिकन फुटबॉलचा नाद लागला. हेल्मेट, खांद्यावर ढाली, अंगावर निळे-हिरवे डाग. शिक्षण संपवून ती घरी परतली तेव्हा मिल्टन कीन्समध्ये बायकांची एक हौशी टीम आहे हे तिने आधीच शोधून ठेवलं होतं. किंगफिशर्स नाव. दर रविवारी एका रग्बी क्लबच्या मैदानावर ती धडपडत असे. खेळाडूंनीच वर्गणी काढायची, स्वतःच मैदानावर पट्टे आखायचे. कोच ग्रॅहम आठवडाभर पोस्टमन आणि रविवारी सेनापती.

"हे कसलं फुटबॉल?" राजेंद्रने पहिल्याच दिवशी विचारलं. "पाय तर कुठे लागतच नाही."

त्या रात्री तिने जेवणाच्या टेबलावर त्याला खेळ शिकवला.

"बाबा, बघा. हा वाटी म्हणजे मी."

"ही वाटी."

"ही वाटी. मी क्वार्टरबॅक. चेंडू पहिला माझ्याकडे येतो. शेजारी हा चमचा, तो रनर. त्याला चेंडू दिला की तो घुसतो. आणि समोर हा लोणच्याचा बरणी. बरणी म्हणजे त्यांचा लाइनबॅकर."

"लोणच्याची बरणी."

"बाबा, फोकस! मी चेंडू चमच्याच्या पोटाशी धरते. पण सोडत नाही. बरणीकडे बघते. बरणी चमच्याला पकडायला पुढे आली, की तिच्या मागे जागा रिकामी. मी चेंडू ओढून घेते आणि तिथे फेकते, माझी दुसरी मुलगी पळत येऊन झेलते. बरणी जागेवरच राहिली, तर मी चमच्याला देऊन टाकते. जा, पळ. याला आरपीओ म्हणतात. रन-पास ऑप्शन."

"म्हणजे ठरवतं कोण? तू का बरणी?"

ती खळखळून हसली. "बरणी काही पण करू दे, तिचं चुकतंच!"

राजेंद्र बरणीकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "किती वेळा करता असं? दहातले किती?"

"आयडिया नाही. कोणी मोजत नाही."

कोणी मोजत नाही. एवढं वाक्य त्याला पुरलं.

पुढच्या रविवारी तो ट्रायपॉड घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहिला. आता त्याची पोर खेळत होती आणि तो मोजत होता, यात त्याला केवढं सुख होतं हे त्याने कोणाला सांगितलं नाही. गेल्या कित्येक वर्षांत बापलेकींना एकमेकांशी बोलायला विषय असा उरला नव्हता. आता रविवार संध्याकाळी दोघं लॅपटॉपवर डोकं घालून बसत आणि श्यामला चहाचे कप बाजूला ठेवून जाई. तिला तो खेळ कळत नव्हता. पण त्या दोन डोक्यांची एकत्र पडलेली सावली तिला कळत होती.

मोजणं मात्र सोपं नव्हतं. क्वार्टरबॅकने चेंडू फेकला तर कळतं की तिच्यापाशी दोन वाटा होत्या. पण तिने तो रनरच्या हाती दिला, की बाहेरून ती नुसती धाव दिसते. तिने निवडून दिला, की मुळात दुसरी वाटच नव्हती, हे व्हिडिओ सांगत नाही. राजेंद्रने त्यावर उपाय काढला. पुढच्या फळीतल्या दांडग्या बायका धावेसाठी ढकलत असतील आणि त्याच वेळी कडेच्या मुली झेल घ्यायला पळत असतील, तर त्या खेळीत निवड होती असं धरायचं. दोन्ही तयारी एकदम कोण कशाला करेल? हे त्याला इतकं पटलं की त्याने पुन्हा तपासलं नाही. लीगमध्ये त्याचं नाव झालं. दुसऱ्या टीमचे कोचही त्याला 'स्टॅट्स राज' म्हणू लागले.

दुसऱ्या सीझनच्या शेवटाकडे त्याने ग्रॅहमसाठी एक चार्ट केला. क्वार्टरबॅकसमोर निवड होती अशा खेळी, त्यातले तिचे बरोबर निर्णय, चुकीचे निर्णय. चुकीच्या निर्णयांचा रकाना लांबलचक होता. लाइनबॅकर पुढे आलेली दिसते आहे, मागे मैदान मोकळं आहे, आणि तरी निवेदिता चेंडू रनरला देते आहे. पुन्हा. पुन्हा. ग्रॅहमने चार्ट पाहिला, डोकं खाजवलं. पुढच्या मॅचपासून झोई नावाची मुलगी क्वार्टरबॅक झाली आणि निवेदिता कडेला पाण्याच्या बाटल्या धरून उभी राहिली.

त्याच रात्री ते ताट, तो नळ, ते वाक्य.

उन्हाळा संपायच्या आत तिने कॉव्हेंट्रीत नोकरी धरली. विजेवर चालणाऱ्या व्हॅनच्या बॅटऱ्यांचं काम. कॉव्हेंट्री लांब नाही, तासाभराचा रस्ता. पण तिने सामान असं बांधलं की जणू समुद्र ओलांडायचा आहे. तिथल्या टीमने तिला पहिल्याच महिन्यात क्वार्टरबॅक केलं. राजेंद्रला हे श्यामलाकडून कळलं.

खरी गोष्ट त्याला टेसने सांगितली. टेस किंगफिशर्सची सेंटर, म्हणजे वाकून चेंडू दोन पायांमधून मागे देणारी. निवेदिताचा प्रत्येक चेंडू तिच्याच हातून सुटलेला. एका शनिवारी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ती ट्रॉली ढकलत आली आणि निवची चौकशी करता करता म्हणाली, "तुझ्या त्या चार्टचं मला कधी कळलंच नाही, राज. त्यातल्या अर्ध्या खेळींत तिला निवड नव्हतीच. ग्रॅहम कडेला उभा राहून कमरेच्या पट्ट्यावर दोन बोटं ठेवायचा. दोन बोटं म्हणजे सरळ धाव, डोकं चालवायचं नाही. कडेच्या मुली पळायच्या त्या नुसत्या समोरच्यांना फसवायला."

"ग्रॅहमने मला सांगितलं नाही."

"ग्रॅहमला दोन महिन्यांपूर्वी कुठल्या खेळीला बोटं ठेवली होती ते आठवेल? त्याला स्वतःच्या व्हॅनच्या किल्ल्या आठवत नाहीत."

"मग निवेदिता का नाही बोलली?"

टेसने खांदे उडवले. "तू तिला विचारलंस का?"

राजेंद्र गाडीत जाऊन बसला. मागच्या सीटवर दुधाच्या बाटल्या, कांदे, गोठवलेले मटार. मटारांवरचा बर्फ विरघळेपर्यंत त्याने गाडी सुरू केली नाही. मुलीच्या हातात नसलेली गोष्ट त्याने तिच्या नावावर मांडली होती. तिने फक्त सांगितलेलं ऐकलं होतं, आणि त्याने त्याला चूक म्हटलं होतं, चार लोकांपुढे.

त्याने किंगफिशर्ससाठी मोजायचं काम सोडलं. त्याच्या जागी मिहीर आला, पुण्याहून व्हिसावर आलेला सॉफ्टवेअरवाला, तिशीचा, बोलका. राजेंद्रने त्याला आपली रीत शिकवली, फक्त रनरला दिलेला चेंडू आता सरळ धावच धरायचा, एवढा बदल करून. दोन बोटांची गोष्ट मात्र सांगितली नाही. ती सांगायची तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

मे महिन्यात कॉव्हेंट्रीच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. वंदना झाली, भाषणं झाली, खीरदान सुरू झालं. निवेदिता पांढऱ्या कुर्त्यात पातेल्यापाशी उभी राहून वाढत होती. राजेंद्र रांगेत आपली पाळी येण्याची वाट पाहत होता. घरून निघताना त्याने वाक्यं जुळवली होती, पण समोर गेल्यावर भलतंच निघालं.

"ग्रॅहम दोन बोटं ठेवायचा," तो म्हणाला.

तिच्या हातातला खिरीचा डाव थांबला. "कोणी सांगितलं?"

"टेसने. तू का नाही बोललीस?"

"तुम्ही चार्ट पहिले ग्रॅहमला दाखवलं, बाबा. मग मला. त्यानंतर मी काही पण बोलले असते तर ते एक्स्क्यूज वाटलं असतं."

मागचे लोक खोळंबले होते. कोणाचं तरी मूल वाटी आपटत होतं.

"माझं चुकलं," राजेंद्र म्हणाला.

तिने त्याच्या वाटीत खीर घातली. आणखी एक डाव घातला. "घ्या ना. गार झाला."

त्याने तिचं वाक्य सुधारलं नाही.

त्यानंतर रविवारी संध्याकाळी तिचे फोन येऊ लागले. आधी आईला, मग, "बाबा आहेत का?" ती मॅचचे तुकडे पाठवायची. तो आता आधी विचारायचा. इथे तुला निवड होती का? इथे काय सांगितलं होतं? विचारणं हे मोजण्यापेक्षा अवघड काम आहे असं त्याच्या ध्यानात आलं. पण त्यात एक ऊब होती, आणि ती त्याला उशिरा सापडली होती. जूनमध्ये एकदा त्याने विचारलं, "यंदा तुम्ही आरपीओ किती वेळा खेळता?"

"गेस करा."

"तिसरा हिस्सा?"

तिच्या फ्लॅटमध्ये ती एकटी होती, तरी तिने आवाज खाली आणला. "अर्ध्याहून जास्त, बाबा! सगळ्या टीम्सना वाटतं पाव. कारण मी चेंडू देऊन टाकते ना, ते लोक त्याला रन मोजतात."

"मीही तसंच मोजलं असतं."

"पण तुम्ही विचारलं," ती म्हणाली.

हे तीन शब्द घेऊन तो कितीतरी दिवस हिंडला. मागच्या अंगणात गवत कापताना, गावभर पसरलेल्या रेडवे नावाच्या पायवाटांवरून चालायला जाताना. श्यामला एकदा म्हणालीसुद्धा, "काय हो, एकटेच हसून राहिले?"

ऑगस्टमध्ये सेमीफायनल ठरली. किंगफिशर्स विरुद्ध कॉव्हेंट्री, मैदान कॉव्हेंट्रीचं.

गुरुवारी दुपारी मिहीरचा फोन आला. "काका, संध्याकाळी टीम मीटिंग आहे आणि तो जुना प्रोजेक्टर माझ्याशी बोलतच नाही. तुमचं ऐकतो म्हणे. प्लीज या ना."

"जाऊ नका," श्यामला म्हणाली.

"फक्त प्रोजेक्टर लावायला जातोय."

"तिकडे तोंड उघडू नका म्हणजे झालं."

"मी कशाला उघडू?"

क्लबच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. बायका कामावरून तशाच आल्या होत्या, कोणाच्या गळ्यात शाळेचं ओळखपत्र, कोणी हॉस्पिटलच्या गणवेशात. राजेंद्रने वायर हलवली, प्रोजेक्टरला एक चापट मारली, चित्र उमटलं. "काका, तुम्ही म्हणजे मांत्रिक!" मिहीर म्हणाला. राजेंद्रने तेव्हाच निघायला हवं होतं. पण चित्र पडद्यावर तिरकं पडत होतं. ते नीट करायला तो मागे थांबला, हातात वायरचं टोक धरून.

मिहीर छान बोलत होता. कॉव्हेंट्रीची क्वार्टरबॅक निव रामटेके, डोकं शांत, हात जलद. खोलीत दोन-चार माना मागे वळल्या, राजेंद्रकडे पाहून हसल्या. मग पडद्यावर एक वर्तुळ आलं. "कॉव्हेंट्री चारातली एक खेळी आरपीओ खेळते," मिहीर म्हणाला. "बाकी तीन वेळा साधी धाव किंवा साधा पास. त्यामुळे लाइनबॅकरने रनर दिसला की बिनधास्त पुढे यायचं."

राजेंद्रला ते वर्तुळ दिसलं, त्यातली पाव फोड दिसली, आणि ती चुकीची होती. हीच चूक, फक्त उलट बाजूने: न विचारता, नुसतं बाहेरून बघून मोजलेलं. त्याची स्वतःची, त्याने स्वतः शिकवलेली, जिच्यापायी पोर घर सोडून गेली ती चूक पडद्यावर रंगीत होऊन उभी होती आणि पंचवीस माणसं माना डोलवत होती.

"नाही," तो म्हणाला. "अर्ध्याहून जास्त."

कोणीतरी दुसराच बोलल्यासारखं त्याने ते ऐकलं.

ग्रॅहम खुर्चीत वळला. "राज, नक्की?"

अजूनही वेळ होती. अंदाज आहे, असं म्हणता आलं असतं. बाप आहे, माझं काय ऐकता, असं हसण्यावारी नेता आलं असतं.

"व्हिडिओवरून दिसतं," राजेंद्र म्हणाला.

"कुठला व्हिडिओ, काका?" मिहीरने मराठीत विचारलं, प्रामाणिक कुतूहलाने. "मला पण द्या ना. मी रात्र रात्र तेच बघतोय."

राजेंद्रने वायर गुंडाळायला घेतली. पुढे ग्रॅहम लाइनबॅकरशी बोलत होता. एबी नाव तिचं, प्राथमिक शाळेत शिक्षिका. अर्ध्याहून जास्त असेल तर पुढे यायचंच नाही, तो सांगत होता. एक पाऊल पुढे टाकून दाखवायचं, आणि लगेच मागे. निवला वाटेल जागा रिकामी झाली. ती फेकेल. तू तिथेच उभी असशील.

घरी आल्यावर त्याने बूट काढले आणि जिन्याच्या पायरीवर बसला. श्यामलाने त्याच्याकडे पाहिलं. "उघडलंच ना तोंड?"

त्याने सांगितलं.

"फोन करा तिला. आत्ताच्या आत्ता. ती बदलेल काहीतरी, दोन दिवस आहेत."

"असं कसं सांगू? मग या लोकांना फसवल्यासारखं होईल. मी त्यांच्या खोलीत बसून ऐकलंय."

"आणि तिने तुम्हाला जे सांगितलं ते कोणत्या खोलीत बसून?"

तो पायरीवरचा गालिचा बोटाने उकरत राहिला. "ग्रॅहम ऐनवेळी विसरतो. बघू, वापरतो की नाही ते."

"बघू," श्यामला म्हणाली. "बघतच राहिले तुम्ही."

शुक्रवारी त्याने दोनदा फोन हातात घेतला. एकदा नाव दाबलंसुद्धा, आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. श्यामला म्हणाली, मी करते. तो म्हणाला, नको, माझं मला सांगू दे. तिने त्याचं ऐकलं, आणि पुढे तिला त्याचा पस्तावा राहिला.

शनिवारी निवेदिताचाच फोन आला. आई, चिवडा आण, सगळ्या टीमला पाहिजे, मागच्या वेळी टेस सगळा खाऊन गेली. मग, "बाबांना दे ना."

श्यामलाने फोन त्याच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली.

"बाबा, उद्या मॅचच्या पहिले माझ्याशी बोलायला येऊ नका हं. मी खूप नर्व्हस असते. पण या. जिथे मला दिसाल तिथे उभे राहा."

"हो," राजेंद्र म्हणाला. मग थोडा थांबून, "निवू..."

"काय?"

"नीट झोप."

श्यामला खोलीतून निघून गेली. स्वयंपाकघरात पोहे भाजल्याचा वास सुटला.

रविवारी ऊन होतं. कॉव्हेंट्रीच्या मैदानावर पट्टे नुकतेच आखलेले, गवतावर पांढरा चुना ओला. राजेंद्र तिला दिसेल तिथे उभा राहिला. पहिल्या काही खेळी सरळ गेल्या आणि त्याच्या मनात एक अशक्त आशा आली, की ग्रॅहम विसरला.

मग निवेदिताने चेंडू रनरच्या पोटाशी धरला, मान वर केली, एबीकडे पाहिलं. एबीने एक पाऊल पुढे टाकलं. निवेदिताने चेंडू ओढून घेतला आणि मोकळ्या जागेत फेकला, सुंदर, सपाट, जलद. तोवर एबी मागे आलेली होती. चेंडू तिच्या छातीवर आदळला आणि ती तो घेऊन उलट दिशेने पळाली. किंगफिशर्सच्या कडेने आरडाओरडा झाला.

एकदा होतं असं. पुन्हा झालं तेव्हा निवेदिता हेल्मेटच्या जाळीतून बराच वेळ एबीकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा तिने चेंडू धरून ठेवला. देऊ की फेकू, देऊ की फेकू. तेवढ्यात दोघी-तिघी तिच्यावर कोसळल्या. ती उठली तेव्हा डावा खांदा धरून उठली. त्यानंतर ती ज्या खेळी खेळली त्या राजेंद्र ओळखत नव्हता. घाबरल्यासारखी, घाईघाईने देऊन टाकत होती. बरणीकडे बघणंच तिने सोडलं होतं.

कॉव्हेंट्री हरली. श्यामला चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. तिने राजेंद्रकडे पाहिलं नाही.

मॅचनंतर यजमान टीमने पाहुण्यांना जेवू घालायचं, अशी तिथली रीत. क्लबहाउसमध्ये लांब टेबलांवर भाजलेले बटाटे, बीन्स, किसलेलं चीज. तासापूर्वी एकमेकींना आडव्या पाडणाऱ्या बायका शेजारी बसून मीठ मागत होत्या. निवेदिता खांद्यावर बर्फाची पिशवी घेऊन बसली होती. राजेंद्र तिच्या समोर जाऊन बसला. सांगायचं ठरवूनच बसला होता.

"फार लागलं का?"

"नाही." तिने काट्याने बटाटा फोडला. "बाबा, एबीला कसं कळलं? ती प्रत्येक वेळी थांबत होती. मला बघत होती, मी तिला बघते तसं. मिहीरने एवढा चांगलं मोजलं?"

"निवू, ऐक."

तेवढ्यात ग्रॅहमने चमचा ग्लासवर वाजवला.

या खेळात अशीही एक रीत आहे. जिंकलेल्या टीमचा कोच मॅचचा चेंडू त्या दिवसाच्या माणसाला भेट देतो. ग्रॅहम चेंडू काखेत घेऊन उभा होता, तोंडभर हसत. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. बाप आणि लेक एका टेबलावर बसलेले पाहून त्याला उलट बरंच वाटलं असावं.

"आज हा चेंडू एबीला द्यायचा असं मी ठरवलं होतं," तो म्हणाला. "पण एबी म्हणते, तिचा नाही. गुरुवारी संध्याकाळी आम्ही सगळे पाव हिश्श्याच्या आकड्यावर खूश होतो. एका माणसाने मागच्या बाजूने दोन शब्द सांगितले, आणि आम्ही आज जिंकलो. खेळाविषयी इतका सरळ माणूस मी पाहिला नाही. मुलगी समोरच्या बाजूला असतानाही! राज, ये इकडे."

टाळ्या पडल्या. दोन्ही टीमच्या. निवेदितानेही बर्फाची पिशवी खाली ठेवली आणि हसून टाळ्या वाजवल्या, बापाचं कौतुक होतंय म्हणून, चार लोकांत वाजवतात तशा. मग तिचे हात सावकाश थांबले. एक तळवा दुसऱ्यावर तसाच राहिला.

ग्रॅहमने चेंडू राजेंद्रच्या हातात दिला. तो ओल्या चुन्याने माखला होता आणि वाटला होता त्याहून जड.

"स्पीच, काका!" मिहीर ओरडला.

निवेदिता टेबलाच्या पलीकडून त्याच्याकडे बघत होती. "दोन शब्द?" तिने मराठीत विचारलं, अगदी हळू. तिथल्या बायकांना ते कळणार नव्हतं. "कोणते दोन शब्द, बाबा?"

श्यामला चिवड्याच्या डब्याचं झाकण लावत होती. झाकण बसत नव्हतं.

लोक अजून वाट बघत होते. कोणीतरी टेबलावर मुठी आपटून ताल धरला. राजेंद्रने चेंडू बटाट्यांच्या ताटाशेजारी ठेवला, तो घरंगळू नये म्हणून क्षणभर त्यावर हात धरला, आणि दोन टेबलांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने, खुर्च्यांच्या पाठी चाचपत, दाराबाहेर निघून गेला.